तेराव्या गावचं पाणी

मुरलेल्या माणसाला आपण बारा गावचं पाणी प्यायलेला म्हणतो. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचा विक्रमही बरीच वर्षं बारावरच अडला होता. चार खेळाडू बारा-बारा संघ फिरून आले होते. ऑक्टोबर 2022 मध्ये ईश स्मिथ डेन्व्हर नगेट्सकडून मैदानात उतरला आणि तेराव्या गावचं पाणी प्यायला.

उंची सहा फूट. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत ठळक छापावी अशी, तिथे मात्र बुटक्यांत जमा. वेक फॉरेस्ट विद्यापीठात चार वर्षं गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू होता. सहकाऱ्यांच्या हातात आयते बास्केट ठेवण्यात त्या विद्यापीठात त्याच्या पुढे एकच, पाच फूट तीन इंचांचा मग्सी बोग्ज. तरी 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या सोहळ्यात, साठ नावं पुकारली गेली, त्यात ह्याचं नव्हतं. कॉलेजातला जोडीदार अल-फारूक अमिनू मात्र आठवा.

ह्यूस्टनने ठेवून घेतलं आणि पहिला हंगाम संपायच्या आत मेम्फिसला धाडलं. मग गोल्डन स्टेट, ओरलँडो, मिलवॉकी, फिनिक्स, ओक्लाहोमा. अहो, तलाठ्यालासुद्धा एका गावात तीनेक वर्षं मिळतात! ईशला ती डेट्रॉइटमध्ये मिळाली, तीही नववा संघ करून झाल्यावर.

अशा माणसाचं काम ठरलेलं असतं. मुख्य गार्ड दमला की चेंडू सांभाळायचा, तो ताजातवाना झाला की गुपचूप बाकावर. ईश चेंडू आपटत सुसाट थेट बास्केटखाली शिरायचा आणि सात फुटी पहारेकऱ्यांच्या पायांतून वाट काढत, शॉट न मारताच पलीकडून बाहेर पडायचा. लांबून मारायची वेळ आली की प्रतिस्पर्धी त्याला खुशाल मोकळं सोडायचे.

खरी गंमत डेट्रॉइटच्या आधीच्या फिलाडेल्फियाची. 2015 च्या सुरुवातीला तो तिथे खेळला, पण हंगाम संपल्यावर त्यांनी नवा करार केला नाही आणि तो न्यू ऑर्लिन्सला गेला. नव्या हंगामात डिसेंबरापर्यंत 31 पैकी 30 सामने हरल्यावर फिलाडेल्फियाचे डोळे उघडले. त्याच माणसासाठी न्यू ऑर्लिन्सला ड्राफ्टच्या दोन निवडी मोजून दिल्या. जी वस्तू फुकट घरात होती, तिची ही किंमत! तो आला आणि पहिल्याच सामन्यात संघ फिनिक्सला हरवून मोकळा झाला. हंगामअखेर विजय दहाच, पण त्याला एकटा गार्ड काय करणार?

2023 मध्ये डेन्व्हर विजेता ठरला. त्या मोहिमेत ईशने बहुतेक वेळ खुर्चीच उबवली, पण विजेत्यांच्या यादीत नाव आहेच. पुढच्या हंगामात शार्लटने बोलावलं. ते त्याचं जन्मगाव, आणि तिथेही ही दुसरी खेप. फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, शार्लट: तेरांपैकी तीन संघांनी एकदा हातचा सोडलेला ईश पुन्हा बोलावून घेतला.