कंदुरीला न बोलावता येणाऱ्या पाहुण्यास

प्रति,
श्रीमान क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स,
मुक्काम रश्श्याच्या पातेल्याचा तळ,
चितेगाव, ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर

महोदय,

नाथषष्ठीच्या दिंड्या पैठण रस्त्याला लागल्या, सप्त्यांचे मांडव पडले, लग्नाच्या तिथी निघाल्या आणि कंदुरीची बोकडं ठरली, की तुमचा हंगाम सुरू. तुम्हाला पत्रिका लागत नाही. माती, धूळ, जनावरांची आतडी हे तुमचं वडिलोपार्जित वतन. तिथून मटणाबरोबर नाहीतर मसाल्याबरोबर पातेल्यात उतरलं की झालं.

आचारी बिचारा रस्सा खळाखळा उकळतो. बाकीचे बहुतेक जंतू त्यात मरतात. तुम्ही मात्र बीजाणूचं चिलखत चढवून आरामात बसता. उलट त्या उकळीनं रश्श्यातली हवा निघून जाते, आणि हवेचं तर तुम्हाला वावडंच. एवढी सरबराई जावयाचीही होत नाही! मग पातेल्यावर झाकण पडतं आणि सगळे प्रमुख पाहुण्यांची वाट बघत बसतात. रस्सा निवत निवत पंचेचाळीस अंशांच्या आसपास आला की तुम्ही चिलखत उतरवता आणि दर दहा मिनिटांनी, कधी त्याहूनही लवकर, दुप्पट होता. हिशेब सोपा आहे: पाहुणे साडेतीन तास उशिरा आले, तर एकाचे वीस लाख. त्यांचं भाषण लांबलं तर पुढचं तुम्हीच मोजा.

पण तुमची खरी कलाकुसर पोटात गेल्यावर दिसते. आमच्या आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा जेमतेम एक थर. शेजारच्या दोन पेशींमधली फट जिथे बंद होते, त्या जागेला टाइट जंक्शन म्हणतात. आत काय जाऊ द्यायचं आणि पाणी कुठून झिरपू द्यायचं, हे तिथली प्रथिनं ठरवतात. त्यातलं ऑक्लुडिन 1993 मध्ये सापडलं. 1998 मध्ये जपानमध्ये मिकिओ फुरुसे आणि शोइचिरो त्सुकिता यांनी क्लॉडिन शोधली, आणि गोणीची शिवण नेमकी कोणत्या सुतळीची आहे ते कळलं. तुम्हाला ते आधीपासून ठाऊक होतं. आतड्यात पोचल्यावर तुम्ही पुन्हा बीजाणू बनता, जुनं अंग फोडता आणि त्यातून विष सोडता. ते विष जाऊन धरतं ते क्लॉडिन-3 आणि क्लॉडिन-4 यांनाच. म्हणजे शिवण उसवायला सुरी नको, सुतळीचं टोकच हाताला लागलं! मग विषाचे सहा रेणू एकत्र येऊन पेशीला भोक पाडतात, कॅल्शियम आत घुसतं, पेशी मरते आणि पाणी वाहू लागतं.

दुपारची पंगत, मध्यरात्रीची धावपळ. ताप नाही, उलट्याही फारशा नाहीत. पोटात मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं, म्हाताऱ्याकोताऱ्यांची आणि लहान लेकरांची मात्र परवड होते. सकाळी पारावर खटला चालतो. आरोपी क्रमाने तेल, टँकरचं पाणी, कुणाची तरी नजर आणि शेवटी आचारी. तुमचं नाव निघत नाही. 1891 मध्ये बाल्टिमोरला विल्यम वेल्च यांनी एका शवविच्छेदनात तुम्हाला पकडलं, पहिल्या महायुद्धात जखमा सडवणारा म्हणून तुमची कुप्रसिद्धी झाली, पण आमच्या पारावर तुमचं रेकॉर्ड कोरं.

तुम्ही उसवता त्याच शिवणीच्या नावावर आणखी एका जमातीचं फावलं आहे. सीलिअॅक, क्रोन्स यांसारख्या आजारांत पेशींमधले हे सांधे सैल पडलेले दिसतात. ते आजाराचं कारण की परिणाम, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. चूर्णाच्या डब्या विकणाऱ्यांचा मात्र केव्हाच मिटला. त्यांच्या लेखी केस गळण्यापासून कर्ज थकण्यापर्यंत सगळं गळक्या आतड्यामुळेच होतं.

आता जरा वाईट बातमी. 1999 मध्ये संशोधकांनी तुमच्या विषाचा फक्त शेपटाकडचा तुकडा घेतला. तो क्लॉडिनला धरतो, पण पेशीला मारत नाही. प्रयोगशाळेतल्या पेशींवर तो सोडताच सांध्यातून क्लॉडिन-4 निघून गेलं आणि बांध सैल झाला. क्लॉडिन नेमकं काय काम करतं, याचा पुरावा तुमच्याच हत्यारानं दिला. बीजांडकोश आणि स्वादुपिंडाच्या काही कर्करोगांत ही दोन क्लॉडिन जास्त प्रमाणात असतात, म्हणून त्याच शेपटाला धरून गाठीपर्यंत पोचता येईल का, यावर प्रयोग चालू आहेत. आयुष्यभर गावजेवणं नासवली, आणि म्हातारपणी वेठबिगारी नशिबी आली.

दुसरी बातमी गावातलीच. पुढच्या कंदुरीला रस्सा साठ अंशांच्या वर गरम ठेवायचा, उरलेला पसरट परातींत ओतून लगेच निववायचा आणि परत वाढण्याआधी पुन्हा खळखळून उकळायचा, असं आचाऱ्याला सांगितलं आहे. त्यानं मान डोलावली. पाहुण्यांना वेळेवर या म्हणून सांगायला अजून कुणी धजावलेलं नाही, तेवढी तुमची आशा शाबूत आहे.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
पहिल्या पंगतीला बसणारा एक चितेगावकर