अन् नाही झालं तं?

भंडाऱ्याकडे जवाहरनगर ते ठाणा पेट्रोलपंप या पट्ट्यात असे भाऊ गल्लोगल्ली सापडतात. आयुध निर्माणीत तीस-पस्तीस वर्षं बारूद सांभाळली, रिटायर झाले, फंडाच्या पैशातून किराणा टाकला. मी ज्यांच्याकडून सामान घेतो, त्या भाऊंच्या दाराशी तांब्याची एक पट्टी ठोकलेली आहे. तिला हात लावल्याशिवाय भाऊ आत पाऊल टाकत नाहीत. एका आजीने तर कुलदैवत समजून तिला कुंकू लावलं. खरं म्हणजे बारुदीच्या बिल्डिंगीत शिरण्याआधी अंगातली वीज जमिनीत सोडायला अशी पट्टी असते. "भाऊ, साखर-डाळीला हे कायले पाहिजे?" असं विचारलं, की उत्तर तयार. "नाही पाहिजे. पन सवय मोडली, अन् मंग पाहिजे झालं तं?"

हा 'तं?' म्हणजे भाऊंचा खरा धंदा. किराणा आपला त्याच्या जोडीला.

दारावर पाटी आहे: 'माणसे ४, तेलाचे डबे ६'. निर्माणीत प्रत्येक बिल्डिंगीवर आत किती माणसं आणि किती माल याची मर्यादा लिहिलेली असते, तिचीच ही धाकटी बहीण. पाचवं गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं. दिवाळीच्या तोंडावर ते उभं न राहता सरळ शेजारच्या दुकानात जातं. मी हळहळलो, तर भाऊ शांतपणे म्हणाले, "जाऊ दे ना बाप्पा. थो दुकानवाला त्या गर्दीत उधारी लिहाले विसरते."

उधारीत मात्र भाऊंचं डोकं मानावं लागतं. वहीत दोन रंग आहेत. निळ्या शाईत पगारवाले, जे महिन्याच्या महिन्याला देतात. लाल शाईत धानवाले, जे धान विकल्यावर देतात, म्हणजे दिवाळी उलटल्यावर. कोणत्याही एका रंगाची उधारी ठरल्या मर्यादेच्या वर जाऊ द्यायची नाही. पाऊस दगा देईल तेव्हा पगारवाले दुकान ओढतात. ओव्हरटाइम बंद होतो तेव्हा धानवाले. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ जाऊन सात कंपन्या झाल्या, भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडियाकडे गेली. कॉलनीत पेन्शनचं काय, संपाचं काय, अशी चर्चा रंगली होती. भाऊंनी त्याच संध्याकाळी निळ्या शाईची मर्यादा खाली आणली. जुने सोबती चिडले, "आपल्याच फॅक्टरीवर भरोसा नाही?" भाऊ म्हणाले, "भरोसा हाये. लिमिटबी हाये."

पैसाही त्यांनी एका जागी ठेवलेला नाही. बारुदीच्या बिल्डिंगी एकमेकींपासून लांब बांधतात, भोवती मातीचे बांध घालतात. एक गेली तरी दुसरी राहावी म्हणून. भाऊंची थोडी रक्कम दुकानात, थोडी पिठाच्या गिरणीत, थोडी पोस्टात. शिवाय तीन महिन्यांचा खर्च एका डब्यात वेगळा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तो डबा उघडला, तेव्हा वहिनींना त्याचं अस्तित्व पहिल्यांदा कळलं. त्यावरून घरात जो स्फोट झाला, त्याला मात्र कुठलाच बांध नव्हता.

त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात शिरलं. जावयाचं दुकान तिकडे. भाऊंनी मागे लागून त्याला मालाचा विमा काढायला लावला होता, आणि हप्ता भरताना जावयाने त्यांच्या नावाने बोटं मोडली होती. विम्याचे पैसे आले. जावयाने सासूबाईंना लुगडं घेतलं. भाऊंना काही नाही.

२४ जानेवारी २०२५ ला निर्माणीत स्फोट झाला, कामगार गेले. त्या दिवसाविषयी भाऊ बोलत नाहीत. दुकानातल्या वाळूच्या लाल बादल्यांना आम्ही पूर्वी हसायचो, आता हसत नाही.

बाकी हसायला जागा पुष्कळ आहे. मुलीच्या लग्नात भाऊंनी दोन भटजी सांगून ठेवले होते. एकाला ताप आला तं? ताप कुणालाच आला नाही. दोघे हजर झाले, पंचांगावरून दोघांची जुंपली, आणि त्या वादात मुहूर्त टळून गेला. दक्षिणा दोघांनी घेतली. वहिनी हा किस्सा सांगतात तेव्हा भाऊ गोदामात काहीतरी मोजायला निघून जातात.

आता मुलाला हायवेवर चहा-नाश्त्याचं हॉटेल टाकायचं आहे. त्याने बापाला ओळखून तयारी केली. उड्डाणपूल झाला आणि गाड्या वरूनच गेल्या तर काय, आचारी पळाला तर काय, गॅस महागला तर काय, कर्जाचा हप्ता चुकला तर काय; सगळ्याची उत्तरं कागदावर लिहून आणली. भाऊंनी चष्मा लावून दुपारभर ते वाचलं. मुलगा समोर उभा, आम्ही गिऱ्हाइकं पाटीच्या मर्यादेत.

शेवटी भाऊंनी मान वर केली.

"अन् चाललं तं?"

"म्हणजे, बाबा?"

"चाललं तं गाड्या कुठं लावतील लोकं? दूध कोन पुरवीन? मांगच्या बाजूची जागा तुही हाये काय?"

मुलाकडे उत्तर नव्हतं. भाऊंनी कागद घडी घालून परत दिला, वर पेन्सिलीने लिहिलं, 'पार्किंगचा नकाशा जोडणे', आणि तेलाचे डबे मोजायला घेतले.