मुक्काम पोस्ट माहेबूर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रातले सगळे ‘मी’ बाबांनी लाल शाईने मोजले आणि ‘एकूण 23’ असा शेरा मारून त्याचा फोटो पाठवला. निवृत्त मास्तरांच्या मुलीने यातून धडा घेतला आहे. यंदाचा वृत्तांत तृतीयपुरुषी. ‘धाकटी’ असं येईल तिथे ती तुमचीच समजावी. सध्या ती मॉरिशसमधल्या भाड्याच्या घराच्या पायरीवर बसली आहे. आत भात शिजतोय, बाहेर पोहण्याचे कपडे वाळत नाहीयेत.

पत्राला निमित्त आईच्या कालच्या फोनचं. रत्नागिरीत सहा म्हणजे इथे पहाटेचे साडेचार. टीव्हीवर चक्रीवादळ दाखवलं, म्हणून समुद्राजवळ जाऊ नका! ते वादळ बंगालच्या उपसागरात होतं, विषुववृत्ताच्या पलीकडे, हजारो किलोमीटर दूर. मॉरिशसचं स्वतःचं वादळ येणार असेल तर इथे एक ते चार अशा चढत्या वर्गांचे इशारे देतात आणि सध्या एकही लागू नाही, हे जावईबापूंनी अर्धवट झोपेत नीट समजावून सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं. तरीपण नका जाऊ.” बेटावर येऊन समुद्राजवळ जायचं नाही हे कसं जमवावं, यावर कुटुंबात अजून एकमत नाही.

गावाचं नाव माहेबूर. इथली माणसं ‘माएबूर’ म्हणतात. ओमने पहिल्या दिवशी ते ‘माहेरबूर’ ऐकलं आणि टॅक्सीवाल्याला आईचं गाव म्हणून सांगून टाकलं. तसं ते फार चुकलं नाही. सोमवारी इथे आठवडी बाजार भरतो. तिथे शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या ‘ब्रेड मुरूम’ या नावाने मिळतात, टोमॅटोला ‘पॉमदामूर’ म्हणतात आणि ‘गातो पिमाँ’ नावाचा प्रकार कढईतून निघाला की आपला डाळवडाच असतो. दालपुरी म्हणजे गूळ घालायला विसरलेली पुरणपोळी. वहिनीने नव्या मिक्सरवर करून पाहावी. (मिक्सर आवाज करतो ही तक्रार पोचली. दादाही करतो, त्याला कुठे बदललं?)

आता शहाळं.

किनाऱ्यावर शहाळ्याला दीडशे रुपये पडले. आई म्हणेल, रुपयेच ना, पौंड तर नाहीत! पण इथला रुपया आपल्या पावणेदोन रुपयांहून जड आहे. म्हणजे एका शहाळ्याचे आपले पावणेतीनशे. चार माणसांची चार शहाळी. ज्या घरात पावसाळ्यात कौलांवर नारळ आदळला की शिव्या निघतात, त्या घरच्या मुलीने हे पैसे मोजून दिले. मोजताना तिचा हात थरथरला, असं जावईबापू सांगतात.

पैसे दिल्यावर मात्र तिने काही सोडलं नाही. चारही शहाळी फोडून घेतली, सालाचा चमचा करून मलई कोरून काढली, तीसुद्धा शेजारच्या छत्रीखालचं फ्रेंच कुटुंब टक लावून बघत असताना. रात्री जावईबापूंनी आपल्या परसातल्या अकरा माडांचा भाव काढला. सासरे लक्षाधीश निघाले. तेव्हा विहिरीजवळचा माड तोडायचा विचार बाबांनी सोडावा. हा कौटुंबिक ठराव आहे.

बाबांच्या पारव्यांच्या जाळीची बातमीही कळली. इथलं कबूतर गुलाबी असतं आणि जगात दुसरीकडे कुठे रानात सापडत नाही. 1990च्या सुमारास ती जेमतेम दहा उरली होती. माणसांनी पिंजऱ्यात जोड्या लावून, अंडी सांभाळून, उंदीर-मांजरं आवरून ती पुन्हा काहीशेवर नेली. जवळच्या इल-ओ-झेग्रेत या लहानशा बेटावर ती दिसतात. इथली मूळची मोठी कासवं माणसांनी संपवली, म्हणून तिथे आल्डाब्रा बेटावरची कासवं आणून सोडली आहेत. ती फळं खातात आणि आबनूसाच्या बिया पसरवतात. ओमला मात्र डोडो हवा होता. तो सतराव्या शतकातच संपला, शिवाय त्याचं डोकं ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे, तुला दाखवलं होतं, असं सांगितल्यावर तो म्हणाला, “मग आपण इतक्या लांब कशाला आलो?” रागाने त्याने खिशात प्रवाळ भरले. इथून प्रवाळ न्यायला बंदी. रडारड करून ते परत वाळूत गेले.

पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर दगडी पायऱ्या आहेत, सोळा. 1834 ते 1920 या काळात साडेचार लाखांच्या आसपास मजूर करारावर आले. बरेचसे बिहारकडचे, थोडे आपल्या कोकणातले. त्यांच्या वंशजांची जाकडी इथे अजून नाचली जाते आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. मँचेस्टरमध्ये ती जावईबापूंना आजारी पडून घ्यावी लागते.

घाटावर एक आजी भेटल्या. मराठी जपून बोलत होत्या, पाहुण्यांसाठी ठेवणीतला कप काढावा तशी. पणजोबा रत्नागिरीकडचे एवढंच ठाऊक, गावाचं नाव घरात कुणालाच आठवत नाही. धाकटीला म्हणाल्या, तिकडची गावं सांग, एखादं ओळखीचं वाटेल. मग तिने सुरू केलं. पावस, गोळप, नेवरे, बसणी, कोतवडे, चाफे, हातखंबा, पाली. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, नेवरे परत म्हण. परत म्हटलं. त्यांनी मान हलवली, नाही. एसटीच्या पाट्यांवरची सगळी नावं संपली आणि मला पुढे बोलता येईना. चुकलं, धाकटीला. बाबा, हा एक धरा.

इथे डिसेंबरात गुलमोहर फुलतो. मूळचा शेजारच्या मादागास्करचा, तेव्हा हक्क त्याचाच. रस्ताभर लाल सडा, मुलांना सुट्टी, आंबे, घाम. ईरा म्हणाली, “हा तर मे महिना आहे. मग आजी कुठेय?”

त्यामुळे आईचा टोमणा (“अर्ध्या वाटेवर आलात, पुढे यायला काय झालं?”) बिनतक्रार मान्य. सुट्ट्या संपल्या, हे एकच उत्तर आहे. सुमीच्या लग्नाला चौघंही येणार. नानाकाकांनी हॉल ठरवताना पार्किंगपेक्षा पंगतीचं बघावं. नवऱ्यामुलाला मासे चालत नाहीत हे खरं का? सुमी काय म्हणते? आणि आंब्याची पहिली पेटी कुणाला देऊन मोकळे होऊ नका.

तुमची,
धाकटी

ता. क. : ‘मला’ हा ‘मी’मध्ये मोजायचा की नाही, ते लाल शाईने कळवावं.