पॉवरफुल चहा

इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. मोटार ‘पॉवरफुल’ असते, ‘स्ट्राँग’ नसते. युक्तिवादाला मात्र दोन्ही विशेषणं चालतात. मायकेल हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञाने १९६६ साली हीच उदाहरणं मांडली होती. ‘पॉवरफुल टी’त व्याकरणाची चूक काढून दाखवा, सापडणार नाही. तरीही साहेब गालातल्या गालात हसतो, आणि हसू कशाचं ते त्यालाही धड सांगता येत नाही.

हॅलिडेचे गुरू जे. आर. फर्थ. शब्दाचा थोडा अर्थ त्याच्या संगतीत असतो, असं त्यांचं म्हणणं. उदाहरणाला त्यांनी गाढव घेतलं. इंग्रजीत ते नेहमी ‘सिली’ला सोबत घेऊन येतं. हे गृहस्थ १९२० च्या दशकात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. हे उदाहरण त्यांना पोरांच्या वह्या तपासताना सुचलं असावं, असा आपला माझा संशय.

‘हेवी’ हे विशेषण तर कुठेही घुसतं. पाऊस हेवी, ट्रॅफिक हेवी, आणि ‘हेवी स्मोकर’ म्हणावा तो हाडांचा नुसता सापळा! ‘लाइट स्लीपर’ म्हणजे हलकी चप्पल नव्हे, जराशा आवाजाने जागा होणारा माणूस. झाड ‘टॉल’, डोंगर ‘हाय’. असो.

खरी मजा बिघडलेल्या अन्नात आहे. साहेबाचं दूध ‘सावर’ होतं, लोणी ‘रॅन्सिड’, पाव ‘स्टेल’, अंडं ‘रॉटन’ आणि सोडा ‘फ्लॅट’. एवढं पाठ करताना आपण कुरकुरतो, पण त्याच साहेबाला एकदा आपल्या स्वयंपाकघरात आणून बसवावं. इथे दूध नासतं, पोळी शिळी होते, आमटी विटते, पीठ आंबतं, चिवडा सादळतो, खोबरं खवट होतं आणि आंबा उतरतो. तो बिचारा ‘सादळलेलं दूध’ म्हणाला, तर ओट्यापाशी उभ्या असलेल्या आजी पदर तोंडाला लावतील. शिवाय खवट नुसतं खोबरं नसतं, म्हातारेही असतात, हे त्याला कोण समजावणार?

आपल्या शाळांत शब्द सुटे पाठ करवतात: बिग म्हणजे मोठा, रेन म्हणजे पाऊस. मग पोरगं ‘बिग रेन’ लिहितं, त्यात त्याचा काय दोष? हॅरल्ड पामर या इंग्रज शिक्षकाला जपानी विद्यार्थ्यांना शिकवताना हीच अडचण दिसली. त्याने १९३३ साली टोकियोत अशा शब्दजोड्यांचा भलाथोरला अहवालच काढला. नियम नाहीतच म्हटल्यावर याद्या करण्यावाचून गत्यंतर काय?

आपण मात्र याद्यांची वाट पाहिली नाही. साहेबाच्या भाषेत परस्पर सोयरिकी जुळवून टाकल्या. गावाकडचं घर ‘नेटिव्ह प्लेस’ झालं, सख्खा भाऊ ‘रिअल ब्रदर’, आणि पाहुण्याला अदबीने विचारायचं ते ‘गुड नेम’. हे ऐकून परदेशी माणूस गोंधळतो, की मग यांचं ‘बॅड नेम’ कुठलं? तेही असतं आपल्याकडे. फक्त ते शाळेतल्या मित्रांना विचारावं लागतं.