ऑपसाहेब

माइनक्राफ्टचा सर्व्हर भाड्याने घेणाऱ्याला खेळाची आवड असते, असे त्याच्या घरच्यांना वाटते. पुरावा मात्र याच्या विरुद्ध जातो. नुसते खेळायचे असते, तर एकाच वायफायवरच्या चौघांना आपले जग लॅनवर उघडून फुकट खेळता येते. सर्व्हरचे सॉफ्टवेअरही खेळाची निर्माती कंपनी मोजांग फुकटच देते. तरी हा गृहस्थ दरमहा भाडे भरतो, कारण त्याला हवी असते सत्ता, तीही घटनेसकट. ते सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालवले की आपणहून थांबते. एका फाइलीत 'फॉल्स'चे 'ट्रू' करून करार मान्य असल्याचे सांगावे लागते. तो करार हा वाचत नाही. आणि लगेच दुसऱ्यांसाठी नियमावली लिहायला बसतो, तळाशी तंबी देऊन, की न वाचता प्रवेश करू नये.

त्यानंतर सेटिंग्जची फाइल उघडते. खेळाडूंची कमाल संख्या मुळात 20 असते. ती तो 100 करतो. येणार असतात पाच जण. कन्सोलमध्ये 'ऑप', म्हणजे ऑपरेटर, लिहून पुढे स्वतःचे नाव टाकले, की त्याचा राज्याभिषेक होतो. ऑपच्या अधिकारांच्या चार पायऱ्या आहेत आणि सर्व्हर बंद पाडण्याचा हक्क फक्त चौथीवर मिळतो, हे त्याला कळते तो दिवस त्याच्या आयुष्यात महत्त्वाचा. खेळाडू जगात जिथे प्रथम उतरतात, तिथला 33 गुणिले 33 ठोकळ्यांचा चौक ऑपखेरीज कोणाला खणता येत नाही. साहजिकच नियमांचा फलक तिथेच लागतो. मग गणेशोत्सव मंडळाप्रमाणे पदांचे वाटप सुरू होते. लकपर्म्स नावाचे प्लगइन बसवून उपमालक, अ‍ॅडमिन, मॉडरेटर, हेल्पर अशी रंगीत बिरुदे दिली जातात. मालक धरून पाच माणसे, पाच पदे. नियम लागू करायला सामान्य सभासदच उरत नाही.

यावर त्याचा बचाव असा, की बंदोबस्त नसेल तर कोणीतरी उपटसुंभ येऊन घरांवर लाव्हा ओततो. हे खरे आहे, अशी मोडतोड सर्रास चालते. पण तिच्यावर दोन साधे उपाय आहेत: व्हाइटलिस्ट लावून ओळखीच्यांनाच आत घेणे आणि रोज बॅकअप ठेवणे. व्हाइटलिस्ट मुळात बंद असते आणि हा ती बंदच ठेवतो, कारण उद्या 'पब्लिक' येणार! म्हणजे दार सताड उघडे आणि आत चोराविरुद्ध डझनभर प्लगइन. दुसरा बचाव अधिक वजनदार आहे. मित्र पुण्यात, मस्कतमध्ये, न्यू जर्सीत विखुरलेले. त्यांना लॅन काय कामाचे? चोवीस तास चालू राहणारे सामायिक जग त्यांना हवेच, आणि त्यासाठी भाडे भरणे रास्तच. फक्त बाकीच्या चौघांना घर बांधायचे असते, आणि साहेब अजून चलन ठरवत असतात. 'खेळायचं कधी?' या प्रश्नाला त्याच्याकडे 'इकॉनॉमी बसवतोय' हे एकच उत्तर असते.

त्याला खरा आनंद कशाचा होतो, हे खेळाची नवी आवृत्ती आली की कळते. जुनी प्लगइन्स धडाधड मोडतात, खेळणारे हळहळतात आणि याच्या चेहऱ्यावर तेज येते. रात्री ग्रुपवर निवेदन झळकते: 'सर्व्हर देखभालीसाठी बंद. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' त्या वेळी उपमालकांसह उरलेली कार्यकारिणी दुसराच खेळ खेळत असते.