आधी कोण जेवलं यात?

नागपूरच्या नंदनवनात सावजीचा रस्सा पार्सल घेतला की काळ्या पन्नीत पांढरी पन्नी, पांढरीत गाठ मारलेली पातळ पन्नी आणि इतका बंदोबस्त असूनही घरी पोचेपर्यंत गाडीच्या डिक्कीत तर्रीचा तलाव. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदी आणली. दंड पहिल्यांदा पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस आणि वर तीन महिने तुरुंग. १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही प्लास्टिकच्या ताट, पेला, चमच्यांना मनाई केली. पन्नीपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

म्हणून जगनाडे चौकाच्या अलीकडे एका टपरीवर मी विषय काढला. काही शहरांत आता हॉटेलांना परतीचे डबे पुरवणाऱ्या सेवा आहेत. आपण डिपॉझिट भरून डब्यात भाजी न्यायची, रिकामा डबा त्या योजनेतल्या कुठल्याही हॉटेलात द्यायचा, पैसे परत घ्यायचे. धुण्याबिण्याचं ते बघतात. जर्मनीत तर १ जानेवारी २०२३ पासून छोटी दुकानं सोडून बाकी हॉटेलांनी पार्सलसाठी असा डबा ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. (तो मागायला तिथलं गिऱ्हाईकही नाखूशच असतं, पण हे मी टपरीवर सांगितलं नाही.)

निकाल तिथल्या तिथे लागला. "काहून भाऊ, त्या डब्यात माह्याआधी कोन जेवलं असन, कोनाले मालूम?"

हे ज्या तोंडातून आलं, त्याच तोंडाला टपरीचा काचेचा ग्लास लागलेला होता. तो ग्लास त्याआधी कुणाकुणाच्या ओठांना लागला, हे ज्या बादलीत तो विसळला तिलाच ठाऊक. आणि बादलीचं पाणी सकाळपासून बरंच काही पाहून चुकलेलं. लग्नसराईत बिछायत केंद्राची ताटं आज हसनबागेत, उद्या दिघोरीत आणि परवा उमरेडला जेवतात. त्यांत वडाभात वाढून घेताना आजवर कुणी ताटाचा पूर्वेतिहास विचारलेला नाही. भाड्याच्या भांड्यांत जेवायची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तीच कल्पना कुणी मोबाइलवरून सांगू लागला की मात्र आपल्यातला आरोग्य अधिकारी जागा होतो.

मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण दिलं. १८९० पासून डबा जातो आणि संध्याकाळी घरी परत येतो. "तो घरचाच डबा असते ना भाऊ, घरच्याच मानसाचा," असं उत्तर आलं. इथे माझी बोलती बंद झाली, कारण मुद्दा जंतूंचा नाही, माणसांचा आहे, हे त्यांनी स्वतःच कबूल करून टाकलं होतं.

आधी कोण जेवलं, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. गावोगावच्या हॉटेलांबाहेर खिळ्याला वेगळा कप टांगलेला असायचा, तो याच प्रश्नाचं उत्तर म्हणून. कोल्हापुरात शाहू महाराज गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायचे, ते काही राजवाड्यात चहापत्ती संपली म्हणून नव्हे. पुढे कागदी कप आला आणि सगळ्यांचीच अडचण टळली. प्रत्येकाचा कप वेगळा, प्यायला की चुरगाळून फेकला. कुणाला काही विचारायला नको, कुणाचा अपमान व्हायला नको. दीक्षाभूमीच्या शहरात हे बोललं की लोक लगेच पावसापाण्याचा विषय काढतात. मीही तेच करतो.

तर कागदी कप. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की त्यात १०० मिलीलिटर गरम पेय १५ मिनिटं राहिलं तर आतल्या अस्तराचे सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण त्यात उतरतात. आपल्या टपरीवर एक चहा महापालिकेच्या कारभारावर निकाल लागेपर्यंत पुरवायचा असतो, त्यामुळे १५ मिनिटं अगदीच कमी. पण ते कण कसे, कोरे करकरीत! त्यांत आधी कुणी जेवलेलं नसतं.

राहता राहिलं डिपॉझिट. "पैसे खरंच परत देतीन काय?" ही शंका मला सर्वांत रास्त वाटते. भाड्याचं घर सोडताना मालकाने डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापलेला माणूस डब्यावर कसा विश्वास ठेवेल? उद्या सावजीच्या डब्याचाही रंग उतरला म्हणतील!

अशी सेवा काढणाऱ्यांना माझाही एक सल्ला आहे. डब्यावर क्यूआर कोड चिकटवत बसू नका, ठोकून नाव घाला. तेवढ्याने डबा परत येईलच असं नाही. नंदनवनातल्या कुठल्याही फडताळात दोनतीन वाट्या दुसऱ्याच आडनावाच्या निघतात, आणि त्या कुठून आल्या याची चौकशी त्या घरात कुणी करत नाही. पण निदान डबा कुणाचा ढापला, याची नोंद तरी राहील.

खरी अडचण घरी कळली. शेजारच्या काकूंना सगळं समजावून सांगितलं. त्यांना ना जंतूंची भीती, ना डिपॉझिटची. त्या म्हणाल्या, "डबा वापस द्याले माही काही ना नाही. पन कोनाचा डबा रिकामा कसा वापस द्याचा? शोभते का ते? मूठभर साखर तरी टाकून द्या लागन." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "सावजीच्या डब्यात साखर चालते का, का शंकरपाळे टाकू?"