ध्वनिशुद्धीचे मामलेदार

मुंबईत मालाडच्या मालवणी भागात आकाशवाणीचे मध्यमलहरींचे मनोरे उभे असल्याचे ठाऊक असूनही जो त्यांच्या शेजारीच बिऱ्हाड करतो, आणि वर घरात तबकड्या वाजविण्याचा हट्ट धरतो, असा एक गृहस्थ त्या बाजूच्या प्रत्येक सोसायटीत असावयाचाच. तो बहुधा महसूल खात्यातून निवृत्त झालेला असतो. संगीताचा शौक ही त्याची केवळ सबब होय. खरा व्यासंग शांततेचा. मल्लिकार्जुन मन्सूरांची तबकडी लावून तो पाहुण्यास जे डोळे मिटून ऐकावयास सांगतो, तो ख्याल नव्हे, तर ख्याल सुरू होण्यापूर्वीची कोरी खाच. आणि नेमक्या त्याच खाचेतून, कोणीही न बोलाविता, अस्मिता वाहिनीचा निवेदक कांद्याच्या भावासह अवतीर्ण होतो.

वस्तुतः यात अद्भुत असे काही नाही. सुईपासून निघणारा विद्युद्दाब जेमतेम चार-पाच सहस्रांश व्होल्टचा. त्यास शंभरपट फुगविणाऱ्या यंत्राच्या दाराशी मीटरभर लांबीची तार ५५८ किलोहर्ट्झच्या लहरी निमूटपणे आणून घालते, आणि आतील पहिल्याच ट्रान्झिस्टरला लहरींतून आवाज वेगळा काढण्याचे कसब उपजत असल्यामुळे, यंत्र कोणाच्याही हुकुमाविना रेडिओ होऊन बसते. परंतु आमच्या गृहस्थाच्या दफ्तरी ही घटना 'बेकायदेशीर अतिक्रमण' या सदराखाली दाखल होते. प्रथम वरच्या बिऱ्हाडातील मिक्सरवर वहीम जातो. (त्या बाईंनी जबानी देण्यास साफ नकार दिला, हे योग्यच झाले.) मग भूतार जोडली जाते, तिने पन्नास हर्ट्झची घरघर जाते, निवेदक राहतो. अखेर रीतसर पंचनामा होतो: सुई उचलली, निवेदक चालू, तबकडी थांबविली, निवेदक चालू, तारेच्या पिना उपटल्या, निवेदक गप्प. सबब तारच गुन्हेगार ठरून, फेराइटच्या कड्यातून सात-आठ वेढे दिलेली, चांगल्या जाळीची नवी तार तिच्या जागी नेमली जाते, आणि त्या रात्री दिवाणखान्यात अशी काही निःशब्दता नांदते की गृहस्थ तबकडी लावावयाचेच विसरतो.

तक्रार आली ती स्वयंपाकघरातून. तेथील ट्रान्झिस्टर सिमेंटच्या भिंती आणि एलईडी दिवे यांच्या कैचीत सापडून केवळ खरखरतो, त्यामुळे सकाळच्या प्रादेशिक बातम्या वहिनी इतके दिवस याच तबकडीयंत्रावर ऐकत आल्या होत्या, आणि त्या बंद करण्याचा हुकूम कोणी व कोणत्या अधिकाराने काढला, अशी त्यांची पृच्छा होती. यावर दीर्घ वाटाघाटी होऊन असे ठरले की, रोज सकाळी बातम्यांपुरती नवी तार काढून जुनी जोडण्यास मुभा असावी. मात्र पिना गृहस्थानेच स्वहस्ते बदलाव्यात, आणि बातम्या संपताच चहापूर्वी पूर्ववत् कराव्यात.